आबांची गूळतुला

पंच्याहत्तरीच्या दिवशी पहाटे, अंघोळीच्या आधी, रंभाजी आबांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला कोलते परिवारातून काढून टाकलं. वाटणीच्या वेळी दोन्हीकडचे पंच, मामा आणि तलाठी मिळून जे करू शकले नव्हते, ते त्यांनी ओट्यावर बसून एका बोटानं केलं. मग मोबाईल उपरण्यात गुंडाळून ठेवला आणि बंबातलं पाणी तापलं का ते बघायला गेले.

परिवार म्हणजे अर्थात व्हॉट्सॲपवरचा. 'कोलते परिवार, एकी हेच बळ' असं त्या ग्रुपचं नाव. आबांचा मुलगा सचिन सुप्याला कंपनीत नोकरीला. त्यानं तो ग्रुप उभा केला आणि बापाचा मान म्हणून ॲडमिन एकट्या आबांना केलं, स्वतः त्यातून बाजूला झाला. आबांना ते आवडलं. सोसायटीचं चेअरमनपद गेलं होतं, सरपंचकी गेली होती, लग्नात आशीर्वादाला माईक द्यायचंही लोक विसरायला लागले होते. त्या पडत्या काळात हे एवढं एक पद शिल्लक राहिलं. रोज सकाळी ते ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकत. त्याला दोन अंगठे येत. एक सचिनचा आणि एक नेवाशाच्या भाच्याचा, आणि भाचा तर कुणालाही अंगठा देतो.

कानिफनाथाची गोष्ट वेगळी होती. हा धाकटा भाऊ साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होता. आयुष्यभर गाड्या तोलल्या आणि चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात, या म्हणीच्या जोरावर आबांनी दोन निवडणुका काढल्या होत्या. धाकट्याचे आंबे पडून राहिलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि खोटं कशाला बोला, त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी कानिफची बायको चांगुणा गेली. पोटी एकच मुलगी, ज्ञानेश्वरी, ती भिंगारला दिलेली. वस्तीवरच्या घराला वाटणीत मधोमध भिंत घातलेली होती. अलीकडे आबा, त्यांची सून माधुरी, पोरंबाळं, गुरंढोरं. पलीकडे कानिफ एकटा. त्यानं धड जेवणं सोडलं. कॉटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. तेव्हा सायली, म्हणजे सचिनची मुलगी, आबांची स्वतःची नात, लहानपणी आबांच्या दंडावर डोकं ठेवून झोपलेली, ती आपला जुना फोन घेऊन भिंतीपलीकडे गेली आणि म्हणाली, नाना, रोज एक फोटो काढायचा आणि त्याच्याखाली मनात येईल ते लिहायचं. तेवढंच करायचं, बाकी मी काही म्हणणार नाही.

तिनं आधी अलीकडे यायला हवं होतं, असं आबांना आजही वाटतं. अलीकडेही एक म्हातारा होताच की. त्यांच्या बायकोला, मनकर्णाला, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ती गेली तेव्हा कुणी आबांच्या हातात फोन दिला नाही. लोक म्हणाले, आबा खंबीर आहेत.

पहिला फोटो होता वाळत घालायच्या दोरीचा. खाली कानिफनं लिहिलं होतं, "दोरी दोन माणसांच्या मापानं बांधली होती. आता माझं एक धोतर वाळतं. उरलेल्या दोरीवर चिमण्या बसतात. त्यांच्याकडून भाडं घेत नाही." ग्रुपवर इतकी बदामं आली की आबांना वाटलं फोन बिघडला. पुण्याच्या पुतण्यानं लिहिलं, नाना, डोळे भरून आले. आबा ओट्यावर एकटेच वाचत होते. चिमण्यांच्या भाड्याशी आले तेव्हा त्यांना हसू फुटलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

तिथून रोज सुरू झालं. एकदा एसटीच्या थांब्यावरच्या बाकाचा फोटो. "आज आम्ही तिघं म्हातारे बसलो होतो. एसटी आली आणि गेली. कुणालाच कुठं जायचं नव्हतं. कंडक्टर आता थांबतही नाही, नुसता हात करतो." एकदा चांगुणानं अर्धवट विणून ठेवलेल्या टोपल्याचा. एकदा कारखान्याच्या रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्या गोळा करणाऱ्या म्हातारीचा. माणसं वाट बघायला लागली. सचिन सुप्याहून दुपारच्या सुट्टीत नानांना फोन करून विचारायचा, ती म्हातारी कुठली हो? बापाला तो रविवारी फोन करायचा, युरियाची गोणी आली का म्हणून.

आबांच्या पोटात दुखायला लागलं. याला दुसरा शब्द नाही. रात्री जेवण जाईना, झोप लागेना. पहाटे कानिफची पोस्ट पडायच्या वेळेला ते उठून बसत, ओट्यावर जाऊन फोन हातात धरत, आणि टिंग वाजलं की पहिल्यांदा उघडून बघत, आज तरी वाईट लिहिलंय का. कधीच वाईट नसायचं. मग दिवसभर कोण काय म्हणालं, किती बदामं पडली, हे बघत बसायचं. त्यांनी स्वतः मात्र एकदाही अंगठा दिला नाही. अंगठा म्हणजे सही, आणि सही आबांनी उगाच कधी कुठे केली नव्हती.

मधे त्यांनी स्वतःही करून पाहिलं. ट्रॅक्टरचा फोटो काढला, त्यात अर्धं त्यांचं बोट आलं. खाली लिहिलं, "हा आपला ट्रॅक्टर. सर्वांनी मेहनत करावी." त्याला एक नमस्कार आला. दुसऱ्या दिवशी उसाचा फड टाकला, "पाणी वेळेवर द्यावे." त्याला काहीच आलं नाही. त्या रात्री त्यांनी मनकर्णाचा भिंतीवरचा फोटो फोनमध्ये घेतला आणि खाली काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ बसले. 'ही माझी पत्नी' एवढं झालं. पुढचं त्यांना माहीत होतं, छातीत साठलेलं होतं, पण ते बोटापर्यंत येईना. सगळी गावं भाषणांनी गाजवलेला माणूस तीन शब्दांवर अडला. त्यांनी ते पुसलं आणि भिंतीपलीकडे शांत झोपलेल्या भावाचा त्यांना मनापासून राग आला.

तरी पंच्याहत्तरीवर त्यांची भिस्त होती. सचिननं मोठा घाट घातला होता. मांडव, फेटे, गावजेवण, आणि साखरपट्ट्यातला पुढारी शोभावा अशी गूळतुला. एका पारड्यात आबा, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ मग शाळेत आणि देवळात वाटायचा. आबांनी मनात धरून ठेवलं होतं की आज कानिफची पोस्ट आपल्यावर असणार. आज कशी नसेल? थोरला भाऊ, पंच्याहत्तर वर्षं, त्याला मांडीवर खेळवलेला. तो काय लिहील याचाही त्यांनी अंदाज बांधला होता. लहानपणी तापात त्याला खांद्यावर घेऊन आबा प्रवरेच्या कडेनं नेवाशापर्यंत चालत गेले होते, बहुतेक ते लिहील.

पहाटे टिंग वाजलं. फोटोत मांडव होता. गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि मधोमध आबांसाठी आणलेली लाल मखमलीची, सोनेरी पायांची खुर्ची. तिच्यावर वस्तीवरचं भुरं कुत्रं पाय पोटाशी घेऊन झोपलेलं. खाली लिहिलं होतं, "दादांची खुर्ची. उठवलं नाही. दिवसभर माणसांची गर्दी होणार, त्याला बिचाऱ्याला एवढाच वेळ."

मागोमाग हसण्याचे चेहरे सुरू झाले. पुतण्या, भाचे, मुंबईच्या चुलतभावाची सून, सगळे हसले. आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंच्याहत्तर वर्षं जगून शेवटी आपल्या खुर्चीवर कुत्रं, आणि सगळं खानदान त्याला हसतंय, अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच्याही तोंडून नाहीत. चुकून ग्रुपमध्ये शिरलेल्या कुणा सिमेंटवाल्याला कसं काढायचं ते सचिननं त्यांना एकदा शिकवलं होतं. तेच त्यांनी आता केलं.

त्यांची समजूत अशी की हे गुपचूप होतं. सभासदाचं नाव यादीतून कमी झालं की झालं, पुढच्या सभेत कळतं. सोसायटीत तसंच असायचं. व्हॉट्सॲप असं काही गुपचूप करू देत नाही, रंभाजीनं कानिफनाथाला काढलं असं करड्या अक्षरांत मधोमध सगळ्यांना सांगतं, हे बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आबा अंगाला उटणं लावून घेत होते तेव्हा नेवाशापासून मुंबईपर्यंत सगळ्या कोलत्यांनी ते वाचलं होतं.

माधुरीनं पहिल्यांदा ते नवऱ्याला दाखवलं. सचिन कपाळाला हात लावून बसला. पण माधुरी, जी एरवी सासऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, ती आज त्यांच्या बाजूनं उभी राहिली. तिचं म्हणणं, नानांचं कौतुक तर रोजचंच आहे, आज आबांचा दिवस होता, आज कुत्र्याचा फोटो नको होता टाकायला. सायली आईवर उखडली. आबांना जळायला काही कारण लागतं का, असं ती म्हणाली, आणि हे आबांनी न्हाणीघराच्या दारातून ऐकलं. जळणं हा शब्द त्यांना लागला, कारण तो पोरीनं बरोबर वापरला होता.

नेवाशाहून बहीण रंगुबाई आली. दोघा भावांच्या मधली, आणि दोघांनाही अरेतुरे करणारी एवढी एकच उरलेली. तिनं आबांना ओवाळलं, कुंकू लावलं, पेढा भरवला आणि तोंडाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "सकाळी काय केलंस ते समद्या जगानं बघितलंय. आज मी तोंड उघडनार न्हाई. पन तुझं पोट दुखतंय, दादा, आन त्याला हिंगाष्टक लागू पडनार न्हाई."

आबांनी तोंडातला पेढा गिळला. समद्या जगानं बघितलंय म्हणजे काय, ते त्यांना हळूहळू उमगायला लागलं. मांडवात येणारा माणूस आधी त्यांच्या पाया पडत होता आणि मग नजर चोरून कोपऱ्याकडे बघत होता. कोपऱ्यात कानिफ होता. धुतलेलं धोतर, टोपी, आणि हातात तराजूच्या साखळ्या. नेवाशाहून भाड्यानं आणलेला मोठा तराजू तो स्वतः उभा करत होता. तुलेचा काटा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही, हे त्यानंच आठवड्याआधी सांगून ठेवलं होतं. लोक पारड्यावर हात ठेवून आपला पुढारी जड करतात, दादांच्या वजनात तसली लबाडी नको, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं आबांकडे पाहिलं, नेहमीसारखी मान हलवली आणि पुन्हा साखळीची कडी तपासायला लागला. त्याच्या तोंडावर राग शोधून सापडेना. यानंही आबांची चिडचिडच झाली. रागावला असता तर बरोबरी तरी झाली असती.

पुरोहितानं मंत्र म्हटले. फेटेवाल्यानं आबांना भगवा फेटा बांधला. चौघांनी धरून त्यांना पारड्यात पाटावर मांडी घालून बसवलं. कानिफनं समोरच्या पारड्यात एकेक करून गुळाच्या ढेपा ठेवायला सुरुवात केली. ढेप ठेवायची, काट्याकडे बघायचं, दुसरी ठेवायची. आबांचं पारडं जमिनीवरून हळूच सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता आबा अधांतरी होते, आणि उतरायचं तर कानिफ म्हणेल तेव्हाच.

नेमकी तेव्हा ज्ञानेश्वरी आली. भिंगारहून तिची गाडी उशिरा पोचली होती. तिनं चपला मांडवाच्या दारात कशाबशा काढल्या आणि सरळ पुढे आली. एरवी थोरल्या चुलत्यापुढे मान वर करून न बोलणारी. तिनं पाया पडायला वाकून काकांच्या पारड्याला हात लावला, तसं पारडं हललं.

"काका, आमच्या नानांनी तुमचं काय वाईट केलंय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मांडवातल्या माना तिकडे वळल्या. "आई गेल्यावर ते जेवत नव्हते. आता सकाळी उठून फोटो काढायचा म्हणून चहा पितात, चहा पितात म्हणून भाकरी खातात. एवढा एकच खुंटा होता, तो तुम्ही उपटला."

आबांनी फेटा सावरला. बोट चुकून लागलं, नवीन फोन आहे, असं ते म्हणाले. सचिननं लगेच री ओढली. टचचे फोन असेच असतात, परवा त्याच्याच हातून साहेबांना फोन लागला होता. दोनतीन पाहुण्यांनी समजुतीनं माना डोलावल्या. प्रकरण तिथं मिटलंही असतं.

"चुकून होत नाही, आबा," सायली म्हणाली. "काढताना फोन पुन्हा एकदा विचारतो, नक्की काढायचं का म्हणून. हो म्हणावं लागतं."

मांडवात कुणीतरी हसलं. सचिननं पोरीला डोळ्यांनी दटावलं. माधुरीनं तिचं मनगट धरलं. कानिफ गुळाची ढेप छातीशी धरून मधे उभा होता.

"ज्ञाने, सायले, गप ऱ्हावा," तो म्हणाला. "दादांचं बोट जाड हाय. दोनदा लागलं असंल. पारडं हालतंय तुमच्यापायी."

आबांना एकवेळ पोरींनी बोललेलं चाललं असतं. पण ज्याला काढलं त्यानंच आपली बाजू घ्यावी, आपल्यासाठी खोटं बोलावं, आणि तेही दोन पारड्यांच्या मधे उभं राहून सगळ्या गावासमोर, हे त्यांना सोसेना. लिहिण्यात हा वरचढ, माणसं जोडण्यात वरचढ, आता चांगुलपणातही हाच. आपल्याला काय ठेवलं यानं?

"चुकून न्हाई," आबा म्हणाले. "मुद्दाम काढलं. इचारलं त्यानं नक्की का, तवा व्हय म्हनलो. समद्यांनी ऐका. मी ह्या घरातला थोरला. बोलायचा मान माझा हुता. आता कोन बोलावतं मला? माझा ल्योक त्याला फोन करतो, माझी नात त्याच्याकडं जाती. मी सकाळी फूल टाकतो, तर लोक फूल न बघता पुढं जात्यात. माझीबी बायको मेली. मलाबी घर खायला उठतं. मला लिहिता येत न्हाई म्हनून मला काय हुतच न्हाई का? आन आज माझ्या पंच्याहत्तरीला माझ्या खुर्चीत कुत्रं."

पारड्यात मांडी घातलेली, फेट्याचा शेमला पुढे आलेला, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि उठून जायची सोय नाही. रंगुबाईनं पदर डोळ्यांना लावला. सचिन खाली बघत होता. सायलीनं आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, पण जागेवरून हलली नाही.

कानिफनं हातातली ढेप पारड्यात ठेवली. काटा अजून बसला नव्हता. त्यानं एक लहान भेली घेतली आणि तिच्याकडे बघतच बोलायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढ्या माणसांत बोलत होता.

"कुत्र्याचं तुमच्यासाठीच लिहिलं हुतं, दादा. म्हनलं, आज दिवसभर पाया पडून घ्यायचंय, सकाळी जरा हसतील. तुमच्यावर लिहावं म्हनून आठवडाभर बसलो, पन तुमच्यावर लिहायला मला धीर हुईना." त्यानं भेली पारड्यात ठेवली, काट्याकडे पाहिलं, उचलून दुसरी घेतली. "सायलीनं मला दावलंय, आपलं कोनी कोनी वाचलं ते फोनात कसं बघायचं. मी रोज बघतो. रोज पहिलं नाव तुमचंच असतंय. मी टाकलं की लगीच. बाकीचे उन्हं आल्यावर वाचत्यात."

आबांनी पारड्याची साखळी धरली.

"चांगुणा गेली तवापासनं पहाटं जाग आली की वाटायचं, जगात कोनीच जागं न्हाई. मंग ते नाव दिसायला लागलं. म्हनलं, भिंतीच्या पल्याड एक मानूस जागं हाय. म्हनून मी लिहित ऱ्हायलो. बदामं काय, पोरं देत्यात. मी तुमच्यापुरतंच लिहितो."

मत्सरानं रोज पहाटे उठून बसलेला माणूस आणि त्या उठण्याला माया समजून जगलेला माणूस, असे दोघं भाऊ गुळाच्या दोन बाजूंना होते. आबांना सांगावंसं वाटलं की अरे, मी तुझं वाईट कधी होतंय ते बघायला उठत होतो. पण ते सांगितलं असतं तरी ते सगळं खरं नव्हतं. तसं असतं तर चिमण्यांच्या भाड्याला ते हसले नसते, आणि एखाद्या दिवशी कानिफची पोस्ट उशिरा पडली तर भिंतीला कान लावून त्याच्या खोकल्याचा आवाज येतो का ते ऐकत बसले नसते.

काटा मधोमध आला. "बसला काटा," कानिफ म्हणाला. "उतरा, दादा." आणि त्यानं हात पुढे केला. मांडी अवघडलेल्या आबांना दुसरं काही धरायला नव्हतं. त्यांनी तो हात धरला आणि खाली उतरले.

मग जेवणावळ बसली. बुंदी, मसालेभात, आमटी. पंगतीत पुन्हा दोन तट पडले. अर्धे म्हणत होते, आबांनी एवढ्या लोकांत कबूल केलं हे सोपं नाही. अर्धे म्हणत होते, कबूल करून काय, आधी आत घ्या. ज्ञानेश्वरी आणि माधुरी एका ओळीत बसून एकमेकींच्या ताटात वाढत होत्या, म्हणजे त्यांचं जुळलं होतं. सायली फोन घेऊन आबांपाशी आली. ॲडमिन ते एकटेच होते, त्यांच्याशिवाय कुणाला घेता येत नव्हतं. ती म्हणाली, फक्त इथं दाबा.

आबांनी कानिफकडे पाहिलं. तो म्हणाला, "असू दे, पोरी. ग्रुपात काय आन भाएर काय. मी दादांच्या नंबरावर धाडीन." आणि तो आमटी ओरपायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा ओट्यावर येऊन बसले. मांडव सोडून नेला होता. फोन हातात होता आणि वाजत नव्हता. कितीतरी वेळ वाजला नाही. काल एवढं बोलल्यावर आता त्याला लिहावंसं वाटत नसेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ती भीती त्यांना कुठल्याही जळण्यापेक्षा जड गेली. मग टिंग झालं. फोटो नव्हता. नुसतं लिहिलेलं होतं, "आज काही सुचत नाही. जागा आहे, एवढंच कळवतो."

आबांनी चष्मा पुसला. उत्तर लिहायला त्यांना बराच वेळ लागला, कारण दोनदा अक्षरं चुकली. शेवटी "मी पण" एवढं गेलं. पलीकडून कानिफच्या घसा खाकरण्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज येतं. कधी फोटो, कधी दोन ओळी, कधी दहा. पोळ्याला येऊन गेलेल्या नंदीवाल्याचं आलं, चांगुणाच्या फुटलेल्या बांगडीचं आलं. एकदा मनकर्णा वहिनी नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांनी धाकट्या दिराला चोरून दिलेल्या साखरेचं आलं. ते वाचून आबांनी मनकर्णाच्या फोटोवरची धूळ उपरण्यानं पुसली. साखरेची ही गोष्ट त्यांना स्वतःला माहीत नव्हती.

ग्रुपवर मात्र हाकाटी चालू आहे. पुण्याचा पुतण्या विचारतो, नानांना कधी घेताय. सचिन आता रोज फोन करतो आणि इकडचंतिकडचं झालं की त्याच विषयावर येतो. सायलीनं तर रुसून पाहिलं. आबा सगळ्यांना म्हणतात, बघू, ते बटन मला सापडत नाही. खरं म्हणजे ते त्यांना नीट ठाऊक आहे. पण या घरात जे जे होतं ते सगळं वाटलं गेलं. शेत वाटलं, बैल वाटले, आईचे पैंजण एकेक करून वाटले, विहिरीचं पाणी अजून दिवसाआड वाटतात. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांच्या एकट्याच्या नावावर पहिल्यांदाच काही आलं होतं.

परवा रंगुबाईचा नेवाशाहून फोन आला. तिनंही आढेवेढे न घेता तेच मागितलं. बाकीच्यांना नको देऊ, पण मी बहीण आहे तुम्हा दोघांची, आजचं तेवढं एक मला वाचून दाखव.

आबांनी मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. आजचं तर फारच चांगलं उतरलं होतं.

"चष्मा सापडंना गं," ते म्हणाले, आणि चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.